‘एमडी’ आणि ‘आइस’चे व्यसन : लपवू नका, इलाज करा

पणदऱ्यातले एखादे घर डोळ्यांसमोर आणा. अब्बा फजरच्या नमाजसाठी उठतात, तेव्हा धाकट्याच्या खोलीत दिवा चालूच असतो. मुलगा जमिनीवर बसून जुन्या मोबाइलचे सुटे भाग खोलतो आहे, पुन्हा जोडतो आहे. दोन रात्री तो झोपलेला नाही. रात्रीचे ताट तसेच झाकलेले. अम्मी म्हणते, “शिफ्ट रात्रीची आहे, झोप उडाली असेल.” पंधरा दिवसांनी तिच्या कपाटातले कानातले सापडत नाही. महिन्याभरात तो खिडकीला चादर लावतो आणि सांगू लागतो की, कॅनॉलच्या बाजूने कोणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे.

हे घर कोणा एकाचे नाही, समजावून सांगण्यासाठी रंगवलेले आहे. यातली लक्षणे मात्र खरी आहेत. शेवटची ओळ ऐकून आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात येईल, “पोराला काहीतरी बाहेरचे झाले आहे.” त्या क्षणी जो रस्ता धरला जातो, त्यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. म्हणून हा लेख.

हे लांबचे राहिलेले नाही

नशेची पावडर ही मुंबईच्या पार्ट्यांची गोष्ट, असे आपण बरीच वर्षे समजत आलो. पणदरे हे बारामती-नीरा रस्त्यावरचे, उसाचे आणि नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचे गाव. इथे असले काय येणार?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांच्या तपासाचा धागा दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कारखान्यापर्यंत पोहोचला. तिथे ‘एमडी’ म्हणजे मेफेड्रोन तयार होत असल्याचे उघड झाले. पुणे, कुरकुंभ, दिल्ली, सांगली मिळून दीड हजार किलोंहून अधिक माल पकडला गेला. त्याची किंमत साडेतीन हजार कोटी रुपयांच्या वर सांगितली गेली. कुरकुंभ पणदऱ्यापासून किती लांब? बारामतीमार्गे दुचाकीवर तासा-दीड तासाचा रस्ता.

त्याआधी, एप्रिल २०१६ मध्ये, ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत सुमारे १८ टन इफेड्रिन पकडले होते. इफेड्रिन हे औषधाचे रसायन आहे, पण त्यापासून मेथॅम्फेटामिन हा नशेचा पदार्थ बनवता येतो. इंदापूर ज्या पुणे-सोलापूर महामार्गावर आहे, त्याच्या एका बाजूला कुरकुंभ आणि दुसऱ्या टोकाला सोलापूर. रसायन उद्योग आणि मालवाहतूक ही या पट्ट्याची रोजीरोटी आहे. त्याच सोयींचा फायदा नशेचा धंदा करणारेही घेतात.

घाबरून जाण्याचेही कारण नाही. केंद्र सरकारने एम्सच्या मदतीने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत या उत्तेजक पदार्थांचे सेवन करणारे लोक ०.१८ टक्के आढळले. दारू पिणारे १४.६ टक्के होते. म्हणजे दारूच आजही मोठा प्रश्न आहे. पण ज्या घरात ही पावडर शिरते, त्या घराला टक्केवारीचा उपयोग नसतो.

हे पदार्थ आहेत तरी काय?

मेथॅम्फेटामिन हे जुने रसायन आहे. जपानमधले शास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी ते १८९३ मध्ये इफेड्रिनपासून पहिल्यांदा तयार केले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी आणि जपानच्या सैनिकांना जागे राहण्यासाठी त्याच्या गोळ्या दिल्या गेल्या. युद्धानंतर जपानमध्ये उरलेला साठा बाजारात आला आणि तरुण पिढी त्यात एवढी अडकली की, १९५१ मध्ये तिथे स्वतंत्र कायदा करावा लागला. आज हाच पदार्थ खडीसाखरेसारख्या स्फटिकांच्या रूपात ‘आइस’ किंवा ‘क्रिस्टल’ म्हणून विकला जातो.

मेफेड्रोन म्हणजे ‘एमडी’, ‘म्याऊ म्याऊ’. ते वेगळ्या कुळातले रसायन आहे, पण काम तेच करते. आपल्या भागात जास्त ऐकू येते ते हेच. २०१५ पासून ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आहे. एमडीचा अंमल दोन-तीन तासांत उतरतो, त्यामुळे माणूस एकाच रात्रीत पुन्हा पुन्हा घेतो. आइसचा अंमल आठ-बारा तास, कधी त्याहून जास्त टिकतो. पुडीत नेमके काय आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

दोन्ही पदार्थ मेंदूतले डोपामिन एकदम मोकळे करतात. चांगले जेवण, कौतुक, आपल्या लेकराचे हसू यांतून जो आनंद मिळतो, तो डोपामिनच्या मोजक्या थेंबांतून येतो. ही पावडर धरणाचे दरवाजे एकदम उघडते. सुरुवातीला थकवा जातो, भूक जाते, आत्मविश्वास वाढतो. म्हणूनच रात्रपाळीचा कामगार, लांब पल्ल्याचा ड्रायव्हर, परीक्षेचा विद्यार्थी याला “जरा जागायला मदत होते” म्हणून पहिली पुडी दिली जाते. पुढे धरण रिकामे होते. मग साध्या गोष्टींत आनंद वाटेनासा होतो आणि नशा केली नाही तर अंथरुणातून उठण्याचीही इच्छा उरत नाही.

घरात ओळखायचे कसे?

दारूचा वास येतो, याचा येत नाही. म्हणून आई-वडिलांना उशिरा कळते. पुढील गोष्टी एकत्र दिसू लागल्या तर सावध व्हा :

• दोन-तीन रात्री सलग जागरण आणि मग दिवस-दीड दिवस मेल्यासारखी झोप.
• भूक नाहीशी होणे, काही आठवड्यांत वजन उतरणे, गालफडे बसणे.
• डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, जबडा सतत आवळलेला, दात कराकरा वाजवणे.
• एकच काम तासन्‌तास करत बसणे, कातडी खाजवून जखमा करणे.
• पैशांची सतत मागणी, घरातल्या वस्तू गायब होणे, मित्र बदलणे.
• विनाकारण संशय, कानात आवाज येणे, कोणीतरी मारायला येणार असे वाटणे.

शेवटचे लक्षण सर्वांत गंभीर. याला डॉक्टर सायकोसिस म्हणतात. हा नशेने मेंदूवर केलेला परिणाम आहे. त्यावर औषध आहे, आणि बहुतेकांमध्ये नशा थांबल्यावर काही दिवसांत ते ओसरते. काहींमध्ये जास्त काळ राहते. मात्र त्या अवस्थेत मुलगा स्वतःला किंवा घरच्यांना इजा करू शकतो. छातीत दुखणे, अंग भाजल्यासारखे तापणे, झटके येणे, बेशुद्ध पडणे किंवा आवरता न येणारा हिंसकपणा दिसला तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. डॉक्टरांना त्याने काय घेतले ते स्पष्ट सांगा. “ॲसिडिटी झाली आहे” असे सांगून अब्रू वाचत नाही, वेळ मात्र जातो.

आपण कुठे चुकतो?

पहिली चूक लपवण्याची. छोट्या गावात मुस्लिम घरे मोजकी. सगळे एकमेकांना ओळखतात. धाकट्या बहिणीचे लग्न जमवायचे आहे, जमातीत नाव आहे. त्यामुळे अम्मी अब्बांपासून लपवते, अब्बा भावांपासून लपवतात, आणि मुलाला हे पक्के कळते की घर आपल्याला वाचवण्यासाठी खोटे बोलेल. कर्जे फिटतात, पुड्या चालू राहतात.

दुसरी चूक मारण्याची आणि कोंडण्याची. नशा सुटताना होणारी तडफड कोंडून ठेवलेल्या खोलीत जीवघेणी ठरू शकते. आइस किंवा एमडी बंद केल्यावर पहिल्या काही दिवसांत माणूस खूप झोपतो, खूप खातो आणि तीव्र निराशेत जातो. आत्महत्येचा विचार याच काळात बळावतो. तेव्हा त्याच्याजवळ माणूस लागतो.

तिसरी चूक, “लग्न करून द्या, जबाबदारी आली की सुधारेल.” सुधारत नाही, दुसऱ्याच्या मुलीचे आयुष्य मात्र त्यात ओढले जाते. तिचे दागिने, तिची महरची रक्कम पुड्यांत जाते. आजार लपवून केलेला निकाह ही त्या मुलीची फसवणूक आहे, हे वडीलधाऱ्यांनी स्पष्ट बोलले पाहिजे.

चौथी गोष्ट नाजूक आहे. मुलगा आवाज येतात म्हणतो, म्हणून त्याला गावोगावच्या आमिलांकडे फिरवले जाते. दुआला कोणीही अडवणार नाही. दुआ आईच्या मनाला बळ देते, बऱ्या होणाऱ्या मुलालाही देते. पण उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळाली आहे. डॉक्टरकडे नेणे म्हणजे उंट बांधणे. दुआ आणि दवा एकमेकांच्या आड येत नाहीत. आड येतात ते वाया गेलेले सहा महिने.

एक गोळी नाही, पण इलाज आहे

ब्राउन शुगरच्या रुग्णाला तिची जागा घेणारी, डॉक्टरांच्या देखरेखीत दिली जाणारी औषधे मिळतात. मेथॅम्फेटामिन किंवा एमडीसाठी असे मान्यताप्राप्त औषध आज जगात कुठेही नाही. अमेरिकेत ४०३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नाल्ट्रेक्सोनचे इंजेक्शन आणि ब्युप्रोपिऑनची गोळी एकत्र देऊन पाहिली. शंभरात सुमारे १४ जणांना त्याचा चांगला उपयोग झाला. नुसती दिखाऊ औषधे घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण शंभरात अडीच होते. म्हणजे दिशा सापडली आहे, पण “एका इंजेक्शनमध्ये व्यसन बंद” अशी जाहिरात करणारा तुमची फसवणूक करतो आहे.

मग डॉक्टर करतात काय? पहिल्या टप्प्यात झोप, जेवण, रक्तदाब, हृदय आणि मन सांभाळतात. भीती किंवा भास असतील तर त्यांची औषधे देतात. सुईने नशा केली असेल तर एचआयव्ही आणि काविळीची तपासणी करतात. हा टप्पा एक-दोन आठवड्यांचा. पुष्कळ घरांना वाटते की इथे उपचार संपले. खरे तर ते इथून सुरू होतात.

दुसऱ्या टप्प्यात समुपदेशन असते. नशेची तलफ कधी येते, कोणाचा फोन आला की येते, पगाराच्या दिवशी येते का, एकटे असताना येते का, हे मुलगा स्वतः शोधतो आणि त्या वेळी काय करायचे ते शिकतो. जगभरात या व्यसनासाठी सर्वांत जास्त पुरावा असलेली पद्धत मात्र ऐकायला अगदी साधी आहे : लघवीची तपासणी स्वच्छ आली की रुग्णाला लगेच छोटे बक्षीस द्यायचे. सलग स्वच्छ आली की बक्षीस वाढवायचे. चुकले तर शिवी नाही, फक्त बक्षीस नाही.

काहींना हे लाड वाटतील. पण आपल्या घरात मूल पहिला रोजा ठेवते, तेव्हा आपण काय करतो? त्याला नवे कपडे घालतो, गळ्यात हार घालतो, नातेवाईक हातावर पैसे ठेवतात. रोजा अल्लाहसाठी असतो, तरी लहान मनाला आधार म्हणून आपण ते कौतुक करतो. रिकाम्या झालेल्या धरणात आनंदाचे थेंब पुन्हा साठायला असाच आधार लागतो. घरच्यांनी तपासणीचे पोलीस होऊ नये, ते काम केंद्रावर सोडावे. पण “आज पंधरा दिवस झाले” हे लक्षात ठेवून त्याच्या आवडीची बिर्याणी करणे अम्मीच्या हातात आहे.

तिसरा टप्पा वेळेचा. मेथॅम्फेटामिन सोडलेल्या रुग्णांच्या मेंदूच्या तपासण्यांत असे दिसले आहे की, डोपामिनशी संबंधित बिघाड बारा ते सतरा महिन्यांच्या संयमानंतर बऱ्याच अंशी भरून येऊ लागतो. म्हणजे महिनाभर केंद्रात राहून आलेला मुलगा अजून आजारीच असतो. तो चिडचिडा, सुस्त, उदास दिसतो. “एवढा खर्च केला, तरी हा तसाच” असे टोमणे याच काळात मारले जातात, आणि पाय पुन्हा जुन्या वाटेकडे वळतात.

जायचे कुठे?

बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तिथल्या मानसोपचार विभागापासून सुरुवात करता येते. पुण्यात ससून रुग्णालय आहे. येरवड्यातले ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र महाराष्ट्राला परिचित आहे. गर्दच्या लाटेत डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू केले. तिथे रुग्णाइतकेच लक्ष त्याच्या बायकोकडे आणि आई-वडिलांकडे दिले जाते. घर बरे झाल्याशिवाय माणूस बरा राहत नाही, हे त्यांनी अनुभवातून ओळखले. केंद्र सरकारची मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मनाच्या आजारांसाठी ‘टेली मानस’ १४४१६. दोन्हींवर नाव न सांगता विचारता येते.

खासगी केंद्र निवडताना चार प्रश्न विचारा. नोंदणी आहे का? मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात? घरच्यांना भेटू देतात का? सुटीनंतर पाठपुरावा कोण करणार? जिथे साखळीने बांधतात किंवा मारतात, तिथून मुलाला ताबडतोब बाहेर काढा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे. मुलगा यायला तयारच नसेल आणि त्याच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल, तर तज्ज्ञांच्या तपासणीनंतर घरच्यांच्या अर्जावर दाखल करण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. त्यासाठी त्याला फसवून गाडीत घालण्याची गरज नाही.

“पोलीस केस होईल” ही भीती

ही भीती खोटी नाही. एनडीपीएस कायदा, १९८५ कडक आहे. एमडी किंवा मेथॅम्फेटामिन ५० ग्रॅमपेक्षा अधिक सापडले तर दहा ते वीस वर्षांची शिक्षा आणि लाखाच्या वर दंड होऊ शकतो. म्हणून “मित्राची पिशवी फक्त पोहोचवून दे” या वाक्यापासून मुलांना सावध करा. अनेक तरुण नशा फुकट मिळावी म्हणून पोहोचवणारे होतात आणि कायद्याच्या नजरेत विक्रेते ठरतात.

पण याच कायद्यात कलम ६४ अ आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाण बाळगण्याच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार घेऊ लागला, तर त्या गुन्ह्यासाठी त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण काढून घेता येते. आणि जो मुलगा अजून कोणत्याही गुन्ह्यात सापडलेला नाही, तो डॉक्टरकडे गेला म्हणून डॉक्टर त्याची माहिती गावभर करत नाहीत. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे त्यांच्यावर कायद्याने बंधनकारक आहे.

पुन्हा घसरला तर?

घसरणे या आजारात नेहमीचे आहे. मधुमेहाचा रुग्ण लग्नात गुलाबजाम खातो आणि साखर वाढते, तेव्हा आपण त्याला घराबाहेर काढत नाही, पुन्हा दवाखान्यात नेतो. तेच इथे करायचे. एक धोका लक्षात ठेवा. काही महिने नशा न केलेल्या शरीराला आधीची मात्रा सोसत नाही. घसरलेला मुलगा भीतीपोटी लपून जुन्याच मात्रेने घेतो आणि जिवावर बेतते. म्हणून “चुकलास तरी मला येऊन सांग” हे वाक्य आधीच बोलून ठेवा. पैसे हातात देऊ नका, कर्जे फेडू नका, पण दार बंद करू नका.

इस्लाममध्ये प्रत्येक नशा हराम आहे, यावर चर्चेची गरज नाही. पण हदीसमध्ये एका माणसाचा प्रसंग येतो. तो पुन्हा पुन्हा नशेत सापडे आणि पुन्हा पुन्हा त्याला शिक्षा होई. एकदा कोणीतरी त्याला शाप दिला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला शाप देऊ नका, त्याचे अल्लाह आणि त्याच्या प्रेषितांवर प्रेम आहे, अशा अर्थाचे सांगून लोकांना थांबवले. शिक्षा झाली, कृत्य चूकच ठरले, तरी तो माणूस जमातीचाच राहिला.

आपल्या जमातीने एवढे तर करावे. जुम्याच्या खुतब्यात वर्षातून दोनदा या विषयावर बोलावे आणि त्यात हेल्पलाइनचा क्रमांक सांगावा. ज्याचा मुलगा केंद्रात आहे, त्या बापाच्या शेजारी सफमध्ये नेहमीसारखे उभे राहावे. जकातच्या रकमेतून एखाद्या गरीब घराचा उपचारखर्च उचलता येईल का, हे आलिमांना विचारून ठरवावे. आणि परत आलेल्या मुलाला कोणीतरी काम द्यावे. गॅरेजमध्ये, फळांच्या गाड्यावर, कुठेही. रात्रपाळी मात्र नको. रिकामा दिवस आणि जागी रात्र त्याला पुन्हा तिकडेच नेतात.

सुरुवातीच्या घरातल्या त्या अब्बांकडे परत जाऊ. फजरची वेळ आहे आणि मुलाच्या खोलीत दिवा चालू आहे. आज त्यांनी दार वाजवावे, आत जाऊन त्याच्याजवळ बसावे आणि रागावण्याआधी एकच प्रश्न विचारावा, “बेटा, किती रात्री झोपला नाहीस?” उत्तर खरे मिळेपर्यंत थांबावे. नंतर नमाज पढून, सकाळच्या पहिल्या एसटीने त्याला सोबत घेऊन बारामतीला निघावे.

अल्लाह प्रत्येक घरातल्या मुला-मुलींना या आगीपासून सुरक्षित ठेवो आणि जे होरपळले आहेत त्यांना शिफा देवो. आमीन.